धर्म हाती आला, ख्रिस्त राहून गेला: पंडिता रमाबाईंची आठ वर्षं

शुक्रवारचा शास्त्राभ्यास संपल्यावर खुर्च्या आवरत होतो, तेव्हा मंडळीतल्या एका तरुण बाईनं मला हळूच विचारलं, "काकू, माझा बाप्तिस्मा होऊन सहा वर्षं झाली. उपासना चुकवत नाही, दशांश देते, संडे स्कूलची मुलं सांभाळते. तरी कधी कधी रात्री वाटतं, हे सगळं मी कशासाठी करते? असं वाटणं म्हणजे विश्वास कमी पडला का हो?"

मी तिला त्या दिवशी काही सांगितलं नाही. घाईत दिलेली उत्तरं मी स्वतः फार ऐकलीत. घरी आले आणि पंडिता रमाबाईंची साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची त्यांनी स्वतः लिहिलेली कहाणी, पुन्हा काढून बसले. हिचा प्रश्न त्या बाईंनी आठ वर्षं उराशी धरला होता, हे मला आठवत होतं.

रमाबाई आपल्याला दोन ठिकाणी भेटतात. शाळेच्या पुस्तकात समाजसुधारक म्हणून, आणि आमच्या मंडळ्यांत प्रभूची सेविका म्हणून. दोन्हीकडे गोष्ट एकाच दमात सांगतात: दुःख भोगलं, विलायतेत जाऊन ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती मिशन काढलं. यातलं काही खोटं नाही. पण बाप्तिस्मा १८८३ चा, आणि त्यांच्याच सांगण्याप्रमाणे ख्रिस्त भेटला तो साधारण १८९१ साली. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगलं, असं त्या साक्षीत लिहितात, की ख्रिस्ती धर्म तर आपल्याला सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. हे प्रकरण त्या आठ वर्षांचं आहे.

माझं म्हणणं आधीच मांडते, म्हणजे वाचणाऱ्याला ते तपासता येईल. आयुष्याला काम मिळणं वेगळं आणि आयुष्याला अर्थ मिळणं वेगळं. रमाबाईंना काम आधी मिळालं, धर्म त्यानंतर, आणि अर्थ सगळ्यांत शेवटी. आपण हा क्रम उलटा धरून बसतो, आणि तो तसा जुळला नाही की आपलंच काहीतरी चुकलं म्हणून घाबरतो.

भुकेची वर्षं

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. बाईमाणसानं संस्कृत शिकू नये अशा काळात त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यापायी पंडितांचा रोष घेतला आणि रानात आश्रम थाटला. आईनं ते संस्कृत पहाटे उठवून रमाबाईंना दिलं. पुढे होतं नव्हतं ते सरलं आणि हे कुटुंब तीर्थाटनाला निघालं. देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचं, जे पदरात पडेल त्यावर राहायचं. पोथी सांगणाऱ्यानं भीक मागायची नाही आणि मोलमजुरीही करायची नाही, हा त्यांचा बाणा होता.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा हाच बाणा त्यांच्या जिवावर आला. भांडी गेली, दागिने गेले, कपडे गेले. उरलेले पैसे नवसात आणि अनुष्ठानांत गेले. मूर्तींपुढे जप झाले, व्रतं झाली, तीर्थांत स्नानं झाली. तिरुपतीजवळच्या रानात या कुटुंबानं अकरा दिवस पाणी, पाला आणि रानातली फळं यांवर काढले. वडील थकून जलसमाधी घ्यायला निघाले, तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. पण वडील त्या हालांतून उठले नाहीत. जाताना त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितलं की तुला मी देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याचीच राहा आणि आयुष्यभर त्याचीच सेवा कर.

पाठोपाठ आई गेली. मरणाच्या दारात तिला भाकरीचा तुकडा हवा होता. रमाबाई शेजाऱ्यांच्या दारात गेल्या, पण मागायला जीभ उचलेना. आई गेल्यावर तिरडीला खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडत होती, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. त्या वेळी त्या सोळा-सतरा वर्षांच्या असतील. मग थोरली बहीणही गेली.

हा प्रसंग मी इतका सावकाश सांगते आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. या मुलीनं देवाला हाक मारली नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही. शास्त्रात सांगितलेलं सारं केलं होतं. भागवत तोंडपाठ होतं. उत्तर आलं नाही. बहीण-भाऊ पुढची काही वर्षं सबंध हिंदुस्थान पायी फिरले, पार पंजाब-काश्मीरपर्यंत. झेलमच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत आडवे झाले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. आपल्याच थडग्यात झोपल्यासारखं.

काम मिळालं

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. तिथंच एका ख्रिस्ती मेळाव्यात रमाबाई पहिल्यांदा गेल्या. लोक प्रार्थनेला गुडघे टेकून आपापल्या खुर्चीकडे तोंड करून बसले, तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात असं या बहीण-भावाला वाटलं. संस्कृत बायबल हाती आलं, पण ते फारसं कळलं नाही.

खरं वळण दुसऱ्याच बाजूनं आलं. पडद्यातल्या बायकांना धर्मशास्त्र समजावून सांगा, अशी कुणी विनंती केली म्हणून रमाबाईंनी धर्मशास्त्रं नीट वाचायला घेतली. सगळ्या बाबतींत ग्रंथांचं एकमेकांशी पटत नाही, पण दोन गोष्टींवर एकमत आहे, असं त्यांना दिसलं. बाई म्हटली की ती कोणत्याही जातीची असो, वाईटच. आणि तिला तिच्या बाईपणात मोक्ष नाही. आयुष्यभर जे पाठ केलं त्यात आपल्याला जागाच नाही, हे एका विदुषीला स्वतःच्या वाचनातून कळणं किती जिव्हारी लागलं असेल!

१८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ब्राह्मण मुलीनं शूद्र मानलेल्या जातीत केलेलं लग्न, म्हणून दोघंही वाळीत पडले. आसामात सिलचरला त्यांचा संसार झाला, १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं मेधावी गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत या बाईनं आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा गमावला होता.

त्या पुण्याला आल्या, तिथं आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे बायकांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली, स्त्रियांसाठी पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाचा खर्च उभा केला. वैद्यकी शिकायची आणि देशातल्या बायकांच्या कामी यायचं, हा बेत होता.

म्हणजे बघा, १८८३ साली बोटीवर चढताना या बाईला काम मिळालेलंच होतं. हल्ली ज्याला 'पर्पज' म्हणतात तो तिच्यापाशी भरपूर होता, आणि तो ख्रिस्तानं दिलेला नव्हता. हे आपण विश्वासणाऱ्यांनी प्रामाणिकपणे मान्य करावं. ख्रिस्त नसलेल्यांनीही या देशात बायकांसाठी डोंगराएवढं काम केलं आहे. रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेतली एक विद्यार्थिनी पुढे आनंदीबाई कर्वे झाली आणि धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम उभारला. कामासाठी ख्रिस्ती व्हावं लागत नाही. मग रमाबाईंना काय कमी होतं?

फुलहॅमची विहीर

विलायतेतल्या वाँटेजला सेंट मेरी द व्हर्जिन या ख्रिस्ती भगिनीसंघात त्या उतरल्या. बरोबर मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत. थोड्याच महिन्यांत आनंदीबाईंनी तिथं स्वतःचं जीवन संपवलं. परक्या देशात हा घाव. कानाला कमी ऐकू येत होतं, म्हणून वैद्यकीचं दारही बंद झालं. बेत होता तो हातातून गेला.

त्याच सुमारास भगिनींनी रमाबाईंना लंडनमध्ये फुलहॅमला पाठवलं. तिथं समाजानं 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी भगिनींचं निवासगृह होतं. त्या बायकांना तिथं माणसासारखं वागवलं जात होतं, आणि बऱ्या झालेल्या बायका पुढे इतरांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. अशा बाईकडे वळूनही पाहायचं नाही, हेच त्यांना शिकवलेलं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी एका भगिनीला विचारलं. तिनं योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

तो अध्याय मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही, विहिरीवरचा प्रसंग आहे. भर दुपारी एक शोमरोनी बाई एकटीच पाण्याला येते. पाच नवरे झालेले आणि आता जो आहे तो नवरा नव्हे, अशी तिची कथा. यहूदी माणूस शोमरोन्याच्या हातचं पाणी घेत नसे. येशू तिच्याकडे पाणी मागतो. ज्या देशात विहिरीवर कुणाचा पोहरा पडावा यावरून माणसं मारली गेली, त्या देशातून आलेल्या बाईला या एका मागण्याचा अर्थ भाष्याशिवाय कळला असणार.

रमाबाईंनी साक्षीत लिहिलंय की हिंदुस्थानातल्या दडपलेल्या स्त्रीजातीला वर उचलणारा ख्रिस्ताखेरीज दुसरा कुणी नाही, हे त्यांना त्या वेळी पटलं. फादर नेहेम्या गोरे, हेही रमाबाईंसारखेच चित्पावन, पुढे ख्रिस्ती झालेले, यांच्या लिखाणानं बुद्धीच्या शंका बऱ्याच फिटल्या. सप्टेंबरच्या २९ तारखेला त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गदारोळ उठला. जोतिराव फुल्यांनी मात्र त्यांच्या निर्णयाची बाजू घेतली.

त्यांनी वापरलेले शब्द पुन्हा पाहा: हिंदुस्थानातली स्त्रीजात. प्रश्न देशातल्या बायकांचा, उत्तर देशातल्या बायकांसाठी. त्या विहिरीशी रमाबाईंनी इतर सगळ्या बायकांना उभं केलं. स्वतः घागर घेऊन तिथं आल्या नव्हत्या. हा माझा कयास आहे, पण साक्ष वाचून दुसरं काही मनात येत नाही.

आठ वर्षं

बाप्तिस्म्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांतली त्यांची पत्रं उपलब्ध आहेत. भगिनी जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक आईच्या जागी होत्या, आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील या शिक्षिका. तिथं रमाबाई संस्कृत शिकवत आणि स्वतः शिकत. ही पत्रं मला फार जवळची वाटतात. त्यांत सोवळेपणा नाही, गुळमुळीत भक्ती नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटत नव्हता, ख्रिस्ताच्या देवपणाविषयी शंका होत्या, आणि त्या विचारायला त्या घाबरल्या नाहीत. शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला कळत नाहीत ती, संस्कृत का नकोत, म्हणून हुज्जत घातली. भगिनी जेराल्डीन यांना हा गर्व वाटला. रमाबाईंनी कळवलं की मोठ्या कष्टानं भटाब्राह्मणांचं जू मानेवरून काढलं आहे, आता तसलंच दुसरं जू घ्यायची माझी तयारी नाही.

या भांडणात मी कुणाच्या बाजूनं आहे हे लपवत नाही. भगिनींचं प्रेम खरं होतं, पण आज्ञा पाळणं आणि विश्वास ठेवणं यांत त्यांची गल्लत होत होती. रमाबाईंची ती गल्लत कधी झाली नाही. आपल्या मंडळ्यांत आजही नव्या विश्वासणाऱ्यानं प्रश्न विचारला की पाळकांपासून शेजारच्या मावशींपर्यंत सगळे अस्वस्थ होतात. प्रश्न विचारतो तो माणूस अजून शोधत असतो. प्रश्न थांबले की एक तर उत्तर सापडलेलं असतं, नाहीतर शोध सोडून दिलेला असतो.

पण दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती रमाबाईंनी स्वतःच मान्य केली. या काळात त्यांच्यापाशी सिद्धांत होते, युक्तिवाद होते, पंथांची तुलना होती. इतके पंथ, आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, हे पाहून त्या गोंधळल्याही. शांती नव्हती. पापाचं ओझं उतरलं आहे असं वाटत नव्हतं.

कामाला मात्र खळ नव्हता. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला हजर राहिल्या, देशभर व्याख्यानं दिली. बॉस्टनला रमाबाईंच्या नावानं संस्था स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, या बाईचं आयुष्य कृतार्थ आहे. इतक्या कामाच्या रगाड्यात आतली पोकळी कुणाला दिसत नाही, कधी कधी स्वतःलाही दिसत नाही.

१८९१

मग एका इंग्लिश पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा पाळक बरीच वर्षं मंडळी चालवत होता, आणि एका रविवारी व्यासपीठावर उभा राहून उपदेश करता करता त्याचाच पालट झाला. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत होतो ते आपल्याला कधी भेटलंच नव्हतं, हे त्याला कळलं. रमाबाईंनी ते वाचलं आणि त्यांना त्यात आपलं चित्र दिसलं.

यानंतर काय झालं, त्याचं वर्णन त्यांनी कमी शब्दांत केलंय. दृष्टांत झाला, आकाश उघडलं, असलं काही नाही. आपली बुद्धी आपल्याला इथवरच आणू शकते, यापुढे नाही, हे त्यांना समजलं. स्वतःच्या शक्तीच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी कसलीही अट न घालता स्वतःला तारणाऱ्याच्या स्वाधीन केलं. एवढंच.

हे वाचताना माझं मन थांबतं ते 'स्वतःला' या शब्दाशी. १८८३ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या बायका ख्रिस्तापुढे नेल्या होत्या. आता रमाबाई डोंगरे नावाची एक बाई, तेहतीस वर्षांची, आईच्या तिरडीचा भार डोक्यावर घेतलेली, ती स्वतः गेली. वडिलांचे अखेरचे शब्द होते की तू देवाची राहा. सेवा त्यांनी तेव्हापासून केली होती. राहायचं मात्र बाकी होतं.

कसोटी

भावना ओसरते, म्हणून प्रकरण इथं थांबवलं तर अर्धवट राहील. अर्थ सापडला की नाही, हे नंतरच्या वागण्यातच दिसतं.

शारदा सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत लेकीला घेऊन प्रार्थना करत, दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली याचा स्फोट झाला. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांनी राजीनामे दिले, वर्तमानपत्रांतून झोड उठली आणि पालकांनी पंचविसेक मुली काढून नेल्या. इथं दोन्ही बाजूंचं म्हणणं मला कळतं. ज्या आईबापांनी विश्वासानं विधवा लेक पाठवली, त्यांना फसवल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं. पण आपला देव खोलीत कोंडून ठेवणं आता रमाबाईंना जमणारं नव्हतं. दार लावून घ्या म्हणणाऱ्यांना त्यांनी नाही म्हटलं, आणि सदन निम्म्यावर येईल हे दिसत असताना म्हटलं.

खरी कसोटी १८९६ साली लागली. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंपाशी पैसा होता तो उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी, आणि अमेरिकेतली मदत लवकरच संपायची होती. दुष्काळी मुली वेगळ्या होत्या: सगळ्या जातींच्या, रोगट, अक्षरशत्रू, काही जणींना वाटेत माणसांनी नासवलेलं. शाळा चालवणाऱ्या शहाण्या बाईनं तिकडे जाऊ नये, अशीच सगळी परिस्थिती होती. त्या गेल्या. दुष्काळी छावण्या आणि गरीबगृहं पाहताना त्यांना स्वतःची वीस वर्षांपूर्वीची भूक आठवली, हे त्यांनी लिहून ठेवलंय. आधी साठेक बायका-मुली आणल्या, मग तो आकडा तीनशेच्या घरात गेला.

पुण्यात प्लेग होता, शहरात इतकी माणसं ठेवायला सरकारनं मनाई केली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगावला रमाबाईंनी शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती, शाळेला उत्पन्न व्हावं म्हणून. तिथं राहुट्या ठोकल्या आणि गवती झोपड्या घातल्या. त्या जागेचं नाव मुक्ती.

दुष्काळ देवानं रमाबाईंना तयार करायला धाडला होता, असं मी म्हणणार नाही. भुकेनं मेलेल्या आईबद्दल असं कुणी बोलू नये. मी म्हणते ते एवढंच, की ज्या आठवणीपासून माणूस जन्मभर पळतो, तिच्याकडे रमाबाई आपल्या पायांनी परत गेल्या. शेजाऱ्याच्या दारात भाकर मागायला जीभ उचलली नव्हती ती मुलगी आता दुसऱ्यांच्या मुलींसाठी जगभर पत्रं लिहून धान्य मागत होती. १८८३ च्या रमाबाईंनी शाळा उत्तम चालवली असती. पण या छावणीतून उवांनी भरलेली पोर उचलून कडेवर घेतली असती का, हे मला सांगता येत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी मंडळीतल्या त्या तरुण बाईला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या आठ वर्षांत त्यांनी प्रार्थना सोडली होती का?" म्हटलं, "नाही गं. करत होत्या." "मग उत्तर का नाही आलं?" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, आणि नाही, असंच मी तिला सांगितलं. आम्ही दोघींनी योहानाचा चौथा अध्याय मोठ्यानं वाचला. शेवटी ती बाई घागर विहिरीवरच टाकून गावाकडे धावते, त्या ओळीशी ती थांबली आणि म्हणाली, "पाणी भरायलाच आली होती ना ही?"

केडगावला पुढे बरीच सदनं उभी राहिली. शारदा सदन राहिलंच. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवू लागल्या. वृद्धांसाठी प्रीती सदन झालं. आणि एक कृपा सदन, समाजानं टाकलेल्या, 'बिघडलेल्या' म्हटलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला पाहिलेलं सोळाएक वर्षांनी पुणे जिल्ह्याच्या मातीत रुजलं. विणकाम, शेती, दूधदुभतं, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवत.

शेवटची जवळजवळ अठरा वर्षं रमाबाईंनी एका कामात घातली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबलचं मराठी भाषांतर केलं. आधीची भाषांतरं संस्कृतानं जड झालेली. संस्कृताची पंडिता असलेल्या या बाईनं ठरवून सोपी मराठी घेतली, खेड्यातून आलेल्या बाईला वाचता यावी अशी. देवाचं बोलणं समजायला आपल्यासारखं अठरा हजार श्लोक पाठ असावे लागू नयेत, ही त्यामागची तळमळ.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. चाळीस वर्षांची लेक, उजवा हात, उरलेलं एकुलतं रक्ताचं माणूस. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. १९२४ साली ते मुक्तीच्या छापखान्यात छापून झालं. खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच मुली होत्या.